वाकळे गुरुजींची पुस्तकपरीक्षा

पुस्तकांच्या दुकानात जाताना माणूस बरोबर काय नेतो? फार तर चष्मा. वाकळे गुरुजी नेत असत मेणबत्ती, काड्यापेटी, लिंबू, सुतळी, काचेचा पेला आणि एक कच्चं अंडं. अंडं रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलेलं असायचं, आणि एस.टी.त शेजारी बसणाऱ्याला ते आधीच बजावून ठेवत, "जरा बेतानं टेका. खिशात अंडं हाय."

नगरच्या त्या दुकानात मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरुजींनी गल्ल्यावरच्या शेठजींकडे वाटीभर पाणी मागितलं. शेठजींना वाटलं, उन्हातून आलेत, तहान लागली असेल. गुरुजींनी ती वाटी फळीवर ठेवली, मुलांच्या विज्ञानाचं एक पुस्तक उघडून तिच्याशेजारी पालथं घातलं, वाटीत मेणबत्ती उभी करून पेटवली आणि वर पेला उपडा घातला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात चढलं. "हे पास," गुरुजी म्हणाले. "आता पान सोळा. शेठ, चिमूटभर मीठ मिळंल का? मीठ आणायचं राहिलं."

दुकानात इतर गिऱ्हाईकं होती. त्यातली निम्मी आपली खरेदी सोडून गुरुजींभोवती जमा झाली. मीठ शेजारच्या किराणा दुकानातून आलं. पाण्यात घातलेलं अंडं तरंगायला हवं होतं, ते तळाला जाऊन बसलं. आणखी मीठ आलं. ढवळताना पेला कलंडला आणि अंडं नव्या पंचांगांच्या गठ्ठ्यावर जाऊन फुटलं. शेठजींनी कपाळावर हात मारला. गुरुजी मात्र पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाले, "लिहिलंय झकास. पण घडलं का?"

पंचांगं आम्ही विकत घेतली. त्या वर्षी आमच्या गावात प्रत्येक घरी पंचांग होतं, आणि प्रत्येकाला थोडा अंड्याचा वास होता.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. कर्जतपासून चार-पाच मैलांवरच्या खेड्यात आमची शाळा होती. चार वर्ग आणि दोन मास्तर. गुरुजी मुख्याध्यापक, आणि उरलेला मी. गुरुजी पन्नाशीला आलेले, उंच, किडकिडीत, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी आणि पायात मात्र टायरच्या चपला. गावात एका खोलीत एकटे राहत. स्वतःच्या हातानं भाकरी करत आणि ती करतानासुद्धा तव्यावर पाण्याचे थेंब टाकून ते कसे नाचतात हे बघत बसत, त्यामुळे भाकरी बहुधा करपलेली असे.

त्या वर्षी पंचायत समितीनं एक चांगला ठराव केला. तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांना विज्ञानाची पुस्तकं द्यायची, आणि जिल्ह्याची चित्रपटाची गाडी गावोगाव फिरवून पोरांना विज्ञानाचे चित्रपट दाखवायचे. कोणती पुस्तकं आणि कोणते चित्रपट, हे ठरवायचं काम गुरुजींकडे आलं. त्यांचा मदतनीस म्हणून माझं नाव घातलं गेलं. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब भले गृहस्थ होते, पण तारखेला फार घाबरत. त्यांनी जाताना सांगितलं, "गुरुजी, मार्चअखेर यादी हातात पडली पाहिजे. नाही पडली, तर वरून तयार गठ्ठा येईल. मग माझा इलाज नाही."

तयार गठ्ठा म्हटलं की गुरुजींचं तोंड कडू होई. असला एक गठ्ठा पूर्वी आला होता, तो आमच्या शाळेच्या कपाटात होता. त्यात कच्च्या लोखंडाच्या शुद्धीकरणावर एक जाडजूड ग्रंथ होता. गुरुजींनी मला त्यातलं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, ते पान उलटल्यावर संपलं. "चौथीतलं पोरगं हे वाचंल? मलाच धाप लागली," ते म्हणाले. त्या ग्रंथाचा उपयोग एकच होत होता. भिंतीवर नकाशा लावताना पोरं त्याच्यावर उभी राहत.

मग ते गंभीर झाले. "हे बघा मास्तर, पोराच्या हातात पडलेलं पहिलंच पुस्तक खोटं निघालं, की ते दुसरं उघडत न्हाई. ह्या तालुक्यातल्या हजारो पोरांच्या हातात आपन पहिलं पुस्तक द्यायला निघालोय. चुकलो तर दुरुस्त करायला कोन येनार हाय?" ते बोलले ते इतक्या कळकळीनं, की मी तोवर या कामाकडे चार दिवसांची उनाडकी म्हणून बघत होतो ते सोडून दिलं.

दुकानातून नमुन्याची पुस्तकं आणून आम्ही शाळेत मांडली. प्रत्येक पुस्तकातला प्रत्येक प्रयोग पोरांनी स्वतः करायचा, आणि तोही गावात मिळणाऱ्या जिनसांनी, असा गुरुजींचा नियम. एका पुस्तकात 'बर्फाचा खडा घ्या' असं होतं. आता आमच्या गावात बर्फ कुठला? बाजाराच्या दिवशी सायकलवरून गारीगारवाला यायचा, त्याच्याकडून गुरुजींनी लालभडक गारीगार विकत घेतलं, पाण्याच्या पेल्यात सोडलं आणि फळ्यावर आकृती काढायला पाठ फिरवली. आकृती पुरी होऊन ते वळले तेव्हा पेल्यात नुसती काडी तरंगत होती आणि तिसरीचा अख्खा वर्ग लाल जिभा लपवत बसला होता. गुरुजींनी पुस्तकावर शेरा मारला, 'प्रयोगाचे साहित्य मुलांनी खाल्ले. पुस्तक उत्तम.'

एक पुस्तक मला फार आवडलं होतं. रंगीत, गुळगुळीत. ते त्यांनी बाजूला टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "ह्यात सगळ्याची उत्तरं हायेत. 'हे अजून कुनाला माहीत न्हाई' असं एकदासुद्धा म्हटलेलं न्हाई. एवढं सगळं माहीत असलेला मानूस मी आयुष्यात एकच बघितला, आन तो निवडनुकीला उभा हुता."

चित्रपटांची परीक्षा याहून अजब. दिवेलागणीनंतर शाळेच्या मैदानात पडदा बांधला जाई. पोरं पुढे, बायामाणसं मागे, आणि सरपंच खुर्चीवर. पहिल्या दिवशी चित्रपट सुरू झाला आणि पाहतो तो गुरुजी पडद्याखाली, पडद्याकडे पाठ करून पोरांच्या समोर मांडी घालून बसलेले. यंत्र चालवणारा ओरडला, "ओ गुरुजी, तोंड फिरवा! चित्र तिकडं हाय!"

"तुमचं चित्र तिकडं," गुरुजी म्हणाले. "माझं हिकडं."

रात्रभर नव्हे, पण चित्रपट संपेस्तोवर ते पोरांच्या तोंडांकडे बघत राहिले. कोण पुढे सरकलं, कोण शेजारच्याला चिमटे काढायला लागलं, कोणी तोंड उघडं टाकलं. सूर्यमालेवरचा एक मोठा थोरला चित्रपट त्यांनी नापास केला, त्यात बोलणारा माणूस क्षणभरही गप्प बसत नव्हता. "तो गप बसला तर पोरगं इचारंल ना काही," हा त्यांचा आक्षेप. उलट एक जुनाट, रेघा पडलेला, आवाज गेलेला चित्रपट होता, नुसतं बी रुजून कोंब वर येतो एवढाच. तो लागला आणि पोरं गुडघ्यांवर सरकत पडद्याशी गेली. मागून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, जमिनीच्या आत आसं चालतंय व्हय!" गुरुजींनी तो तिथल्या तिथे पास केला. म्हातारीलाही त्यांनी पोरांतच धरलं होतं.

होता होता मार्च उजाडला. यादी जवळजवळ तयार झाली, आणि घोडं अडलं ते एका पातळशा पुस्तकावर. पोरांनी ते इतकं हाताळलं होतं की त्याचं वेष्टन केव्हाच निघालं होतं. गुरुजींना ते मनापासून आवडलं होतं. सगळे प्रयोग झाले, फक्त एक होईना. साध्या साबणाचा चुरा पाण्यात विरघळवायचा, पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवून फुंकायचं, की इंद्रधनुष्याच्या रंगांचा फुगा निघतो. आमच्या शाळेच्या विहिरीच्या पाण्यात साबण टाकला की त्याचा दह्यासारखा साका होई. पोरांनी गाल दुखेपर्यंत फुंकलं, फुगा काही निघाला नाही.

आता आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, त्यात डाळ शिजत नाही आणि साबण फेसाळत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी तसं म्हणालो. गुरुजी म्हणाले, "हा अंदाज झाला. पुस्तक खोटं का पानी खोटं, हे बघितल्याबिगर मी सही करनार न्हाई. गोड पान्यात करून बघायला पायजे."

"मग भीमेवर जाऊन येऊ," मी म्हणालो. "सायकलीवर दुपारपर्यंत परत."

गुरुजी जरा घुटमळले. "भीमेचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "गोदावरीचं पानी बघू. पुणतांब्याचं."

पुणतांबा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आधी एस.टी.नं नगर, तिथून मनमाडकडे जाणारी पॅसेंजर. भीमेनं गोदावरीपेक्षा काय पाप केलं होतं ते मला कळेना. साहेबांनीही ऐकून डोकं धरलं. "अहो गुरुजी, तारीख! गठ्ठा तिकडे बांधून तयार आहे!" पण गुरुजी हटून बसले. एरवी बारीकसारीक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या माणसाचा हा हट्ट मला तरी निव्वळ लहरीपणा वाटला.

तुलना करायला म्हणून आमच्या विहिरीचं पाणी त्यांनी फिरकीच्या तांब्यात भरून घेतलं. आगगाडीत समोर एक बाई होती, तिच्या मांडीवरचं तान्हं पोर तहानेनं रडत होतं. तिनं तांब्याकडे बघितलं. गुरुजींनी तांब्याकडे बघितलं. मग त्यांनी मुकाट्यानं फिरकी उघडून तांब्या तिच्या हातात दिला. पोरानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. बाईनं स्वतः चव घेतली. "मचूळ हाय की वो हे!"

"ऐकलंत मास्तर? साक्षीदार मिळाला!" गुरुजी खूश झाले.

"मग आता परत फिरायचं?" मी म्हणालो.

"चव म्हंजे साबन न्हवे," ते घाईघाईनं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. पोरानं आणि त्याच्या आईनं तोंड वाकडं करत करत तांब्या रिकामा केला.

पुणतांब्यात ते सरळ नदीवर जातील असं मला वाटलं होतं. ते गेले एका मळ्यातल्या घरी. अंगणातला माणूस लगबगीनं पुढे आला, "या दाजी, या! कागद न्हाई, निरोप न्हाई!" तेव्हा कळलं की ही त्यांची सासुरवाड. आतून मेहुण्याची बायको आली, हसली आणि आत तोंड करून म्हणाली, "मंदे, गुरुजी आल्यात बघ."

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बाहेर आली. दोन घट्ट वेण्या, हातावर शाईचे डाग. "नमस्कार गुरुजी," ती म्हणाली. शाळेत साहेब आल्यावर पोरं उभी राहतात तशी ती उभी राहिली. मला वाटलं, यांच्या जुन्या शाळेतली एखादी विद्यार्थिनी असेल. मी तिला कितवीत आहेस वगैरे विचारलं. गुरुजी चपला काढण्यात गुंतले होते. त्या चपलांना सोडायला काही नव्हतं, तरी ते बराच वेळ वाकलेले होते.

चहा आणायला मी आत गेलो तेव्हा मेहुण्याची बायको, म्हणजे मंदाची मामी, हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांचीच हाय की वो. आमच्या वन्सं गेल्या तवा पाळन्यात हुती. आमी सांभाळली. आमी गुरुजी गुरुजी म्हनायचो, तीबी तसंच म्हनाय लागली."

"न्यायचं नाही म्हणत कधी?"

"तिकडलं पानी पोरीला सोसायचं न्हाई म्हनत्यात. वर्सातनं दोनदा येत्यात, पुस्तकं देत्यात, घटकाभर बसत्यात आन गाडीची येळ झाली म्हनून उठत्यात. गाडी आसती संध्याकाळची."

चहाचा पेला हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. भीमेचं पाणी का चाललं नसतं ते मला आता कळलं, आणि सकाळपासून मनात त्यांना काय काय म्हटलं होतं ते आठवून वाईट वाटलं. दुसऱ्यांच्या हजारो पोरांसाठी उन्हातान्हात फिरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या एका पोरीची भीती वाटत होती.

मी बाहेर आलो तर अंगणात प्रयोगाची मांडणी झाली होती. नदीचं पाणी पितळीत, साबणाचा चुरा कागदावर. गुरुजी पुस्तकातून वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचत होते, "पपईच्या पानाचा देठ घ्यावा." तो मंदानं त्यांनी सांगायच्या आधीच विळीनं कापून आणला होता. तिनं तो बुडवला आणि फुंकलं. देठाच्या टोकाला फुगा आला, वाढत गेला, त्यावर तांबडे-निळे रंग फिरू लागले, आणि सुटून गोठ्याकडे गेला. म्हशीच्या शिंगाला लागून फुटला. मंदा खळखळून हसली.

मग गुरुजींनी फुंकलं. त्यांचा फुगा होईना. "एवढ्या जोरात न्हाई वो," मंदा म्हणाली, आणि त्यांच्या हाताला धरून तिनं देठ तिरका केला. "हळू. अस्सं." टोपी मागे सारून, गाल फुगवून गुरुजी हळू फुंकायला शिकत होते. मी ओसरीवरून बघत होतो, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटत होता.

"आमच्या गावाला हे होत नाही," फुगा जमल्यावर गुरुजी म्हणाले.

"का?"

"पाणी मचूळ आहे. साबणाचं दही होतं."

मंदानं मान वाकडी केली. "तुमी सांगताय. पन मी कुठं बघितलंय?"

मला हसू दाबवेना. अंडं घेऊन हिंडणाऱ्या बापाची लेक शोभत होती. गुरुजींनी रिकाम्या तांब्याकडे बघितलं. "आणलं होतं बरोबर, पण वाटेत..."

"मग मला तिकडं न्या. तिथं दावा."

मामी पटकन म्हणाली, "आगं, गुरुजींना शाळा आसती." गुरुजींनी आत जाऊन घड्याळ बघितलं. गाडीला अजून चांगले दोन तास होते, तरी आम्ही निघालो.

गाडीत राहुरी येईपर्यंत ते रिकाम्या तांब्याची फिरकी लावत-काढत होते. मग खिडकीकडेच बघत म्हणाले, "तिच्याशी काय बोलायचं ते मला कळत न्हाई, मास्तर. लोकांच्या पोरांशी दिवसभर बोलतो. तिच्यापुढं बसलं की जीभ टाळ्याला चिकटती. हातात पुस्तक असलं तर जरा जमतं." मी तेव्हा बिनलग्नाचा. त्यांना काय सांगणार? डब्यातल्या मामीच्या दशम्या सोडल्या आणि त्यांच्यापुढे केल्या.

यादी वेळेत गेली. साहेबांनी त्या पातळ पुस्तकावर बोट ठेवलं. "गुरुजी, तुमचाच नियम. आपल्या निम्म्या तालुक्यात हा प्रयोग होणार नाही, आणि हे पास?"

"ज्या गावात फुगा व्हनार न्हाई, तिथली पोरं का होत न्हाई म्हनून मास्तरला छळतील," गुरुजी म्हणाले. "आजवर हा इचार माझ्या डोक्यात आला न्हवता. एका पोरीनं शिकवला." साहेबांनी सही केली. तारीख गाठली गेल्याच्या आनंदात त्यांनी कोणती पोरगी हे विचारलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मेहुणे मंदाला घेऊन आले. आठ दिवसांसाठी, 'तेवढा परयोग बघाय', असं म्हणाले आणि तिला ठेवून परतले. येताच तिनं विहिरीचं पाणी काढायला लावलं. साबणाचा साका झाला. तिनं फुंकलं, बुडबुडासुद्धा आला नाही. तिनं साबण वाढवला, पाणी गाळलं, उकळलं, गावातल्या दुसऱ्या विहिरीचं आणलं. गावची पोरं तिच्यामागे, आणि सगळ्यांच्या मागे घागर घेऊन गुरुजी. प्रयोग फसतोय म्हणून इतका आनंदलेला मास्तर मी नंतर बघितला नाही. त्या आठ दिवसांत त्यांच्या खोलीतून बोलण्याचे आवाज येत. आधी थोडे थोडे, मग भांडणासारखे मोठमोठे. भाकरी कशानं फुगते यावर दोघांचं एकमत होत नव्हतं.

नवव्या दिवशी मेहुणे न्यायला आले. मंदाचं बोचकं बांधून तयार होतं. मीही निरोप द्यायला गेलो होतो. "चल पोरी, गाडी गाठायची," मेहुणे म्हणाले. मंदा हलली नाही. ती गुरुजींकडे बघत होती, आणि गुरुजी छपराकडे.

"दाजी, येतो मग," मेहुणे म्हणाले.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "तिला ऱ्हाऊ द्या. हितंच घालतो चौथीत. जमंल आमाला."

मेहुण्यांनी उचललेलं बोचकं खाली ठेवलं. मग समजूत घालावी तसं म्हणाले, "बरं. महिनाभर करून बघा. न्हाई जमलं तर आमी हावोतच."

"करून बघायची गोष्ट न्हाई ही," गुरुजी म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

मंदा बोचकं उचलून आत गेली. आतून तिच्या कपड्यांची, पुस्तकांची मांडामांड ऐकू येऊ लागली, तोवर गुरुजी उंबऱ्यात उभे होते. मग त्यांनी टोपी काढून टोपीनंच डोळे पुसले, आणि मेहुण्यांना म्हणाले, "बसा. जेवूनच जा. आज भाकरी ती करनार हाय."